पाहुणी : आईच्या भाजण्याचे अठरा महिने

५ मार्च २०२४, मंगळवार. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पाणी सकाळी सहा ते सात येतं, त्यामुळे त्या तासात घरातला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या नळाशी असतो. मी बादल्या भरत होतो, बायको गॅलरीत मशीन लावत होती. आई (वय ६४, मधुमेह, माळकरी) ओट्याशी एकटी होती. मागच्या शेगडीवरचं दूध वर येताना दिसलं म्हणून तिने पुढच्या पेटत्या शेगडीवरून हात घातला, आणि अंगातल्या नायलॉनच्या गाऊनची बाही पेटली.

नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. मी सतरंजी टाकून आग विझवली आणि तिला नळाखाली बसवलं. इथवर बरोबर केलं. पुढे चुकलो. शेजारच्या काकू धावत आल्या, "पाणी नको घालू, फोड येतील" म्हणाल्या, आणि मी पाचेक मिनिटांत नळ बंद केला. नळाचं साधं, वाहतं पाणी वीस मिनिटं हवं होतं. बर्फ नाही, फ्रिजचं पाणी नाही. तोवर काकूंनी घरातून टूथपेस्ट आणून हातभर फासली होती. त्यांच्याबद्दल राग नाही, त्यांच्या घरात तेच करत आलेत. पण ती पेस्ट खरवडून काढताना आईने जो आवाज केला तो मी विसरलेलो नाही.

आणखी एक चूक पाटल्यांची. भाजल्यावर हात तासाभरात सुजतो. घरी होतो तेव्हा साबण लावून पाटल्या सहज निघाल्या असत्या. हॉस्पिटलात पोचेपर्यंत त्या मांसात रुतल्या होत्या आणि कटरने कापाव्या लागल्या. त्यामुळे भाजलं की पाण्याखाली धरतानाच अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवा. सोन्याचं दुःख नाही. हाताचा रक्तपुरवठा अडतो.

जवळच्या ज्या हॉस्पिटलात पहिल्यांदा नेलं, तिथे जळीत विभाग नव्हता. हे सांगायला त्यांना दीड तास लागला. त्या दीड तासात एक सलाइन लागलं, तेवढंच. भाजलेला माणूस गाडीत घालायच्या आधी फोन करून "तुमच्याकडे बर्न्स वॉर्ड आहे का" एवढं एक वाक्य विचारा. आम्ही दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा सव्वादहा वाजले होते. या दोन्ही ठिकाणांची नावं मी लिहीत नाहीये.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी काय झालं हे विचारायच्याही आधी "किती वाजता?" विचारलं. मला पाण्यामुळे वेळ पक्की माहीत होती, सहा चाळीस. मग त्यांनी एका छापील बाहुलीवर लाल पेनने रेघोट्या मारल्या. अख्खा हात म्हणजे अंगाचे ९ टक्के, धडाची पुढची बाजू १८, एक पाय १८, असं ते गणित असतं. लहानसहान जागा मोजायला रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट धरतात, तो साधारण १ टक्का. आईची बेरीज २८ आली. उजवा हात, छाती-पोटाचा निम्म्याहून जास्त भाग, उजवी मांडी, थोडी मान. त्या २८ ला तिच्या वजनाने, ५८ किलोने, आणि मग ४ ने गुणलं. साडेसहा लिटर सलाइन, चोवीस तासांत. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत द्यायचं, आणि ते आठ तास भाजल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात आल्यापासून नव्हे. म्हणजे आमचे साडेतीन तास अर्ध्या लिटरवर गेले होते. उरलेलं पावणेतीन लिटर दोन शिरांतून दुपारी दोन चाळीसपर्यंत जायचं होतं. नर्स दर तासाला लघवीची पिशवी मोजून आकडा लिहीत होती. त्या दिवशी डॉक्टरांचं सगळ्यात जास्त लक्ष कातडीकडे नव्हतं, त्या पिशवीकडे होतं.

"पोटाला काही दुखत नाही रे," आई म्हणाली. मला बरं वाटलं. डॉक्टरांना नाही वाटलं. जिथे खोल भाजतं तिथल्या नसाच जळून जातात, म्हणून दुखत नाही. २८ पैकी जवळपास १५ टक्के असं खोल निघालं.

रात्री नऊला पोलीस आले. भाजल्याची केस हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ती 'एमएलसी' (मेडिको-लीगल केस) होते, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं. बाई भाजलेली आणि घरात सून, मग प्रश्न ठरलेले असतात. कार्यकारी दंडाधिकारी आले, डॉक्टरांनी आई शुद्धीवर आहे आणि जबाब देऊ शकते असं लिहून दिलं, आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये हवालदारांनी बायकोला विचारलं, "सासूबाईंशी पटतं का?" ती दिवसभर आईच्या उशाशी उभी होती, तिच्या स्वतःच्या हातावरही दोन फोड आले होते. ती "हो" म्हणाली आणि जिन्यात जाऊन रडली. तेव्हा मला संताप आला. आता वाटतं, हा प्रश्न विचारला जातो म्हणून काही घरांतलं खरं बाहेर येतं. तुमच्यावर वेळ आली तर जबाब शांतपणे द्या आणि एमएलसी नंबर व जबाबाची नोंद लिहून घ्या. पुढे विम्यासाठी आमच्याकडे ती तीनदा मागितली गेली.

८ मार्चला, महाशिवरात्रीला, पहिलं ऑपरेशन. "तसाही उपासच आहे," असं आई भूल द्यायच्या आधी म्हणाली. मेलेली कातडी अंगावर ठेवली की तिथे जंतू वाढतात, म्हणून ती आता लवकर, पहिल्या काही दिवसांतच खरवडून काढतात. पण काढल्यावर तिथे घालायचं काय? स्वतःची कातडी घालायची तर ती दुसरीकडून, म्हणजे मांडीवरून सोलायची. डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे, वय आहे, एकाच वेळी एवढी मोठी दुसरी जखम करायची माझी तयारी नाही. आपण आधी स्किन बँकेची कातडी लावू.

मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. कातडीची बँक असते हे मला ठाऊक नव्हतं. मुंबईतच सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० सालापासून ती आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, आणि ऐरोलीच्या स्टेशनावरून मी कित्येक वर्षं जातोय.

ही कातडी मेलेल्या माणसाची असते. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत, मांड्या, पाय आणि पाठीवरून, अगदी वरचा पातळ पापुद्रा काढतात. मग तपासण्या करून ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश तापमानाला ठेवतात, आणि ती पाच वर्षांपर्यंत वापरता येते. रक्तगट जुळवावा लागत नाही. ती अंगावर कायमची धरत नाही. दोन-तीन आठवडे जखम झाकून ठेवते, पाणी आणि जंतू अडवते, दुखणं कमी करते, आणि मग शरीर तिला सोडून देतं. तोवर खालची जागा स्वतःची कातडी घ्यायला तयार होते. यासाठी वेगळ्या संमतिपत्रावर सही करावी लागली. थर्माकोलच्या डब्यातून आलेल्या पाकिटावर एक क्रमांक, तपासण्यांचे निकाल, मुदतीची तारीख आणि चौरस सेंटिमीटरमध्ये आकार होता. नाव नव्हतं. नाव सांगतही नाहीत.

आईला कसं सांगायचं हा माझा खरा घोर होता. माळकरी बाई, कांदासुद्धा एकादशीला घरात नको. शुद्धीवर आल्यावर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगच्या वेळी तिनेच पाहिली. पांढुरकी, किंचित पारदर्शक, तांदळाचा ओला पापड प्लॅस्टिकवर घातल्यासारखी, कडेला स्टेपलच्या पिना. "ही माझी नाही," म्हणाली. मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "बाई होती का बाप्या?" माहीत नाही म्हटलं. "किती दिवस राहील?" दोन-तीन आठवडे. "म्हणजे पाहुणी," ती म्हणाली. तेव्हापासून तिचं नाव पाहुणी पडलं. ड्रेसिंगला जाताना नर्सला विचारायची, "पाहुणी बरी आहे ना?" नर्ससुद्धा फाइल बघून तसंच उत्तर द्यायला लागली.

ड्रेसिंग दर दोन-तीन दिवसांनी असायचं. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. आधी वेदनाशामक देऊन अर्धा तास थांबलेत ना, एवढं तुम्ही विचारा. घाईत ते राहून जातं.

त्या एकोणीस दिवसांत मी रात्री कॉरिडॉरच्या खुर्चीत बसून फोनवर वाचत बसायचो. अननसाच्या देठातल्या एन्झाइमने मेलेली कातडी विरघळवणारं औषध आहे, त्याला अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली. टपाल तिकिटाएवढ्या कातडीतून पेशी काढून जखमेवर फवारायचं यंत्र आहे, ते पर्थच्या डॉ. फिओना वूड यांच्या कामातून आलं. ब्राझीलमध्ये फोर्तालेझाचे डॉक्टर तिलापिया माशाची कातडी पट्टीसारखी लावतात. जर्मनीत बोखुमला २०१५ साली एका सात वर्षांच्या सीरियन मुलाची जवळपास ८० टक्के कातडी गेली होती. त्याला भाजलेलं नव्हतं, जन्मजात त्वचारोग होता. त्याच्याच पेशींमधला जनुकीय दोष दुरुस्त करून, त्या प्रयोगशाळेत वाढवून त्याला नवी कातडी दिली. हे मी पहाटे चार वाजता वाचलं आणि सकाळी राउंडला डॉक्टरांसमोर सगळं ओतलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "सगळं खरं आहे. पण उद्या सकाळी माझ्या फ्रिजमध्ये काय आहे ते मला बघावं लागतं." आणि मग जरा थांबून, "आणि फ्रिजमध्ये बहुतेक वेळा पुरेशी कातडी नसते."

दुसरं ऑपरेशन २७ मार्चला. पाहुणीचा बराच भाग सुटत आला होता, उरलेला काढला. डाव्या मांडीवरून आईची स्वतःची कातडी घेतली, यंत्रातून काढून तिला जाळीसारखी छिद्रं पाडली, म्हणजे ती ताणून जास्त जागा झाकते. जाळीची नक्षी पुढे कायम दिसते, हे आधी सांगितलेलं बरं. आम्हाला ते नंतर कळलं आणि आईला वाईट वाटलं.

जी गोष्ट कुणीच सांगत नाही ती म्हणजे ही मांडी. भाजलेल्या जागेपेक्षा कातडी घेतलेली जागा जास्त जळते, कारण तिथल्या नसा शाबूत असतात. दहा-बारा दिवस आईने भाजलेल्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही, सगळी तक्रार मांडीची. अशाच जागांसाठी सायनच्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानांचं ड्रेसिंग वापरून पाहिलं होतं, पानं चिकटत नाहीत म्हणून बदलताना दुखत नाही. हे शोधनिबंधात छापून आलंय, आजीबाईचा बटवा नव्हे. आमच्याकडे ते नव्हतं. आईला मी सांगितलं तर म्हणाली, "पानावर जेवायला घाल म्हणावं, अंगावर कसलं."

जेवण हा स्वतंत्र लढा होता. जखम भरायला प्रथिनं लागतात, आहारतज्ज्ञ बाईंनी रोजची सहा अंडी लिहून दिली आणि आईने कागद परत केला. मग दूध, पनीर, मुगाचं धिरडं, शेंगदाण्याची आमटी, भाजक्या डाळ्यांचं पीठ ताकात. वजन तरी सात किलोने उतरलं.

८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, डिस्चार्ज. बिल ८ लाख ७४ हजार. विमा ५ लाखांचा होता, मिळाले ४ लाख ६१ हजार, कारण खोलीचं भाडं मर्यादेपेक्षा जास्त निघालं की बाकीच्या बऱ्याच रकमाही त्याच प्रमाणात कापतात, आणि पट्ट्या-हातमोजे वगैरे 'कन्झ्युमेबल्स' धरत नाहीत. स्किन बँकेच्या कातडीच्या ३८ हजारांवर विमा कंपनीने प्रश्न काढला : अवयव विकत कसा घेतला? कातडी विकत नसते, कायद्याने विकताही येत नाही. ते पैसे प्रक्रिया आणि साठवणुकीचे असतात. हॉस्पिटलकडून तसं लेटरहेडवर लिहून घेतलं, बावीस दिवसांनी ते मान्य झालं. एफडी मोडली, भावाने दीड लाख दिले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत भाजण्याचे उपचार आहेत, पण आमचं हॉस्पिटल त्या यादीत नव्हतं आणि मी दाखल करताना विचारलंही नव्हतं. रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि दाखल करण्याआधी या योजनेचं काम बघणारे 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारा.

घरी आलो म्हणजे संपलं असं मला वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, आता सुरू.

भाजलेली कातडी भरताना आकसते. काखेत आकसली की हात वर जात नाही, म्हणून झोपतानाही हात उशांवर बाजूला पसरलेला. दिवसातून चार वेळा भिंतीवर बोटं चढवायची. स्वयंपाकघराच्या दारामागे मी पेन्सिलने रेघा मारत गेलो. पहिली रेघ, १२ एप्रिल, तिच्या खांद्याच्याही खाली आहे. आषाढी एकादशीची, १७ जुलैची, कपाळाच्या वर. मध्ये मे महिन्यात तीन आठवडे रेघ हललीच नाही. तेव्हा आई फिजिओथेरपीच्या मुलीवर ओरडायची आणि मग तिला जाताना लाडू द्यायची.

एप्रिलअखेर प्रेशर गारमेंट आलं. वण जाड, टणक होऊ नयेत म्हणून मापाने शिवलेला घट्ट कपडा, बाही आणि जॅकेट. चोवीसातले तेवीस तास घालायचा, आंघोळ आणि मालिशपुरता काढायचा. दोन जोड १४ हजार, विम्यात नाही, आणि सैल पडतो म्हणून तीनेक महिन्यांनी पुन्हा नवीन. दोन जोड घ्याच, एक वाळत असताना दुसरा लागतो. डोंबिवलीच्या मे महिन्यात हा कपडा म्हणजे काय ते ज्याने घातला त्यालाच ठाऊक. त्यातून खाज. भाजल्याच्या दुखण्यापेक्षा खाजेने आईची झोप जास्त खाल्ली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांच्या सल्ल्याने खोबरेल आणि साधं मॉइश्चरायझर, आणि माझ्या धाकट्या मुलीचा शोध : पावडरचा डबा फ्रिजमध्ये ठेवून तो कपड्यावरून फिरवायचा. रात्री दोनला दोघी आजी-नात स्वयंपाकघरात बसून डबा फिरवायच्या.

एकदा लग्नाला गेलो तर एका बाईंनी आईच्या हाताकडे बघून खुर्ची सरकवली. आई काही बोलली नाही. त्यानंतर दोन महिने ती कुठे बाहेर आली नाही. यावर माझ्याकडे टीप नाही. भजनाच्या बायका घरी येऊन बसायला लागल्या तेव्हा आपोआप सुटलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये कपडा सुटला. हात कानापर्यंत जातो. वेणी स्वतः घालते. तुळशीची माळ, जी मी चौतीस दिवस खिशात घेऊन फिरलो होतो, ती पुन्हा गळ्यात आहेच.

ऑक्टोबरमध्ये कल्याणला आत्या गेली. ७९ वर्षांची, झोपेत, पहाटे साडेचारच्या सुमारास. आम्ही सातला पोचलो. नाशिकचा भाऊ निघाला होता, त्याची वाट बघत सगळे बसले. फॅमिली डॉक्टर साडेनऊला आले, दाखला लिहिला. साडेदहाला आई उठून माझ्याजवळ आली आणि कानात म्हणाली, "पाहुणीचा फोन लावला का?" मी लावला नव्हता. खरं सांगायचं तर मला सुचलंच नव्हतं. मला, ज्याने हे सगळं पाहिलंय त्याला.

फोनवरच्या मुलीने आधी वेळ विचारली. साडेचार. मग कावीळ, एचआयव्ही, कॅन्सर, कुठला मोठा संसर्ग होता का. नव्हता. मधुमेह चालतो म्हणाली, वयाला वरची मर्यादा नाही, अठरा पूर्ण हवीत. डॉक्टर आणि नर्सची टीम घरी येते, पाऊण तासाचं काम, पट्ट्या बांधून देतात, पैसे काही नाहीत, फक्त मृत्यूचा दाखला तयार ठेवायचा आणि जवळच्या नातेवाइकाची सही. मग थांबली आणि म्हणाली, "पण सहा तास आत्ताच होऊन गेलेत ना, दादा." नेत्रदानाचीही वेळ तीच असते, तीही गेली होती.

घरी आल्यावर आईने मला काही सुनावलं नाही. दिवाळीत २०२६ चं कालनिर्णय आलं, तेव्हा पहिल्याच पानावर, दुधाच्या हिशेबाच्या वर, तिने मोठ्या अक्षरांत स्किन बँकेचा नंबर लिहिला आणि भरलेल्या हाताने खिळ्याला अडकवलं.

"माझ्या वेळी आधी इथे," ती म्हणाली, "मग नाशिकला."